शेअर केलेल्या फोल्डरमधून फाइल उडू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूरपासून कुडाळपर्यंतच्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. आंब्याची पॅकहाउस, काजूचे कारखाने, मच्छीमारांच्या सोसायट्या, मालवणातली राहण्या-जेवण्याची घरं. मांडणी जवळपास सगळीकडे सारखीच. एक जरा बरा कॉम्प्युटर, त्यावर एक मोठा फोल्डर, आणि तो तीन-चार जणांना शेअर केलेला. वर्षभराचं काम त्या एका फोल्डरात असतं आणि त्यातली कुठलीही गोष्ट कोणीही पुसू शकतो. फोन येतात ते पुसून झाल्यावर. त्या फोनांवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं विंडोजची आहेत, शेवटाकडे गूगल ड्राइव्ह आणि नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइली ठेवायची स्वतंत्र पेटी) यांबद्दलही आहे.

आत्ताच फोल्डर गायब झालाय. आधी काय करू?

सगळ्यांना हात थांबवायला सांगा. त्या ड्राइव्हवर नवं काही सेव्ह होऊ देऊ नका. ज्या कॉम्प्युटरवर शेवटची हालचाल झाली असेल, तिथे एक्सप्लोररची खिडकी उघडी असेल तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबून बघा. फोल्डर ओढला जाऊन दुसरीकडे गेला असेल तर तो बहुतेक वेळा जागेवर येतो. नाही आला, तर मुख्य फोल्डरात जाऊन शोधायच्या चौकटीत त्याचं नाव टाका. ‘डिलीट झालं’ म्हणून मला आलेल्या फोनांत पुष्कळदा फोल्डर शेजारच्याच फोल्डरच्या पोटात सापडला आहे.

तरीही नाही सापडला, तर जुनी प्रत शोधा: तो ज्यात होता त्या वरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. तिथे तारखा दिसल्या तर सुटलात. मग बॅकअप. फाइल परत मिळवणारी सॉफ्टवेअरं अगदी शेवटी, आणि तीही दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवायची. त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर उतरवलं तर जी जागा वाचवायची आहे तिच्यावरच लिहिलं जातं. एसएसडी (फिरती तबकडी नसलेला ड्राइव्ह) असेल तर पुसलेली जागा तो स्वतःहून मोकळी करत असतो, त्यामुळे तिथे आशा फारच कमी.

रिसायकल बिनमध्ये फाइल का नाही?

नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. तुमच्याही नाही आणि ज्याच्यावर फोल्डर आहे त्याच्याही नाही. ‘कायमची डिलीट करायची का?’ असं विंडोज विचारतं, आणि रोज असे दहा प्रश्न बघणारा माणूस ‘हो’ दाबून मोकळा होतो. घरच्या लॅपटॉपवरच्या सवयीने ‘बिनमध्ये असेलच’ असं धरून चालणारे इथे सगळ्यात जास्त फसतात.

मुद्दाम कोणी डिलीट करत नाही. मग फाइली जातात कशा?

एकदा मी शेजारी बसून पाहिलं आहे. देवगड तालुक्यातलं एक पॅकहाउस, एप्रिलची अखेर, दुपारचे चार, बाहेर वाशीची गाडी भरायला उभी. हिशोब बघणारा मुलगा मधेमधे उठून पेट्या भरायला हात लावत होता, त्यामुळे बोटांना आंब्याचा चीक. लॅपटॉपवर ‘मागच्या वर्षीच्या पट्ट्या’ (पट्टी म्हणजे बागायतदाराच्या मालाच्या विक्रीचा हिशोब) हा फोल्डर उघडायला त्याने टचपॅडवर बोट टेकवलं. बोट चिकटलं, अर्धा इंच सरकलं, आणि उचललं गेलं. पडद्यावर काहीही विचारलं गेलं नाही. यादीतली एक ओळ तेवढी कमी झाली. वरच्या ओळीतल्या ‘बारदान’ नावाच्या फोल्डरात तो अख्खा फोल्डर जाऊन पडला होता. एकाच ड्राइव्हवर हलवताना फाइली कॉपी होत नाहीत, फक्त त्यांचा पत्ता बदलतो, म्हणून शेकडो फाइलींचा फोल्डरही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर जातो. त्या मुलाला कळलंच नाही. मी शेजारी नसतो तर दोन महिन्यांनी, बागायतदार पट्टी मागायला आल्यावर कळलं असतं.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. नव्या हंगामाचा तक्ता करायला कोणीतरी मागच्या वर्षीची एक्सेल फाइल उघडतं, आकडे पुसतं, नवे भरतं आणि सवयीने ‘सेव्ह’ दाबतं. फाइल जागेवर आहे, नाव तेच आहे, मागचं वर्ष मात्र गेलं. याला कोणी ‘डिलीट’ म्हणत नाही, पण नुकसान तेच. म्हणून परवानग्या लावताना फक्त डिलीटचा विचार करून भागत नाही.

प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’वर टिक केली तर पुरे ना?

नाही. ती टिक फोल्डरला लागतच नाही, आतल्या फाइलींना लागते, आणि ती असतानाही फाइल डिलीट होते. ज्याच्या हातात फाइल बदलायचा अधिकार आहे तो ती टिक काढूही शकतो. तिच्यावर भिस्त ठेवू नका.

शेअरिंगमध्ये परवानग्या वेगळ्या, सिक्युरिटीमध्ये वेगळ्या. खऱ्या कुठल्या?

दोन्ही. हे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले दोन टॅब आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्याला ही दोन दारं ओलांडावी लागतात, आणि दोहोंत जे अरुंद तेवढंच त्याला मिळतं. शेअरिंगचं दार ढोबळ आहे. त्यात तीनच पायऱ्या: रीड, चेंज, फुल कंट्रोल. चेंजमध्ये डिलीट आलंच. सिक्युरिटीचं दार बारीक आहे, त्यात फोल्डरागणिक आणि माणसागणिक ठरवता येतं. त्याच कॉम्प्युटरवर बसून काम करणाऱ्याला मात्र शेअरिंगचं दार लागतच नाही, फक्त सिक्युरिटीचं लागतं.

म्हणून मी शेअरिंगमध्ये कामाच्या माणसांना ‘चेंज’ देतो, ‘एव्हरीवन’ काढून टाकतो, आणि खरी आखणी सिक्युरिटीमध्ये करतो. ‘फुल कंट्रोल’ कामाच्या माणसाला कधीच देत नाही, कारण त्यात परवानग्या बदलायची परवानगीही असते. राइट क्लिक करून ‘गिव्ह ॲक्सेस टू’वाल्या झटपट मार्गाने शेअर केला असेल, तर नंतर सिक्युरिटीत जाऊन त्याने काय-काय देऊन ठेवलं आहे ते नक्की बघा.

सिक्युरिटीमध्ये ‘डिलीट’ची टिक काढली की काम झालं ना?

इथे मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. एका ऑफिसात हंगामाच्या तोंडावर सगळ्या फोल्डरवरून डिलीटची परवानगी काढली आणि निश्चिंत मनाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: एक्सेल सेव्हच होत नाही, आणि फोल्डरभर आकड्या-अक्षरांच्या विचित्र नावांच्या फाइली दिसतायत. ऐन गर्दीत अर्धा दिवस त्यांचं काम अडलं. ते माझ्यामुळे अडलं, याची मला आजही खंत आहे.

झालं होतं असं. एक्सेल आणि वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलवर थेट लिहीत नाहीत. त्याच फोल्डरात आधी एक तात्पुरती फाइल करतात, सगळं तिच्यात लिहितात, मग जुनी फाइल हटवून तात्पुरतीला तिचं नाव देतात. यात हटवणं आलं, नाव बदलणं आलं, आणि विंडोजच्या लेखी नाव बदलायलाही डिलीटचीच परवानगी लागते. ती नसली की गाडी मधेच अडते आणि तात्पुरत्या फाइली मागे पडून राहतात.

दुसरी गोम अशी की फाइल पुसायला दोन वाटा आहेत. एक, त्या फाइलवर ‘डिलीट’ असणं. दुसरी, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ असणं. दोहोंपैकी एक मिळाली तरी फाइल जाते. ‘मॉडिफाय’मध्ये पहिली असते, ‘फुल कंट्रोल’मध्ये दोन्ही. फाइलवरून डिलीट काढून वरच्या फोल्डरवर फुल कंट्रोल ठेवलं तर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं.

मग नेमकं लावायचं काय?

आधी फोल्डरांची मांडणी बदला. रोज बदलणाऱ्या आणि आता कधीही न बदलणाऱ्या फाइली एकत्र ठेवल्या तर कुठलीच परवानगी नीट बसत नाही. मी ‘ऑफिस’ या मुख्य फोल्डरात तीन फोल्डर करतो: ‘चालू हंगाम’, ‘बंद हंगाम’ आणि ‘कागद’. मच्छीमार सोसायटीत ‘चालू’मध्ये या वर्षीच्या डिझेल परताव्याच्या नोंदी येतात, पॅकहाउसमध्ये या वर्षीच्या पट्ट्या आणि फवारणीच्या नोंदी. ‘कागद’मध्ये सातबारा, करारपत्रं, परवाने.

संपलेल्या कामावर कामाच्या माणसांना फक्त वाचता यावं, अगदी मालकालाही. आणि चालू कामात डिलीट अडवता येत नाही हे मान्य करून तिथे जुनी प्रत परत मिळण्याची सोय करायची. सगळं एकाच मापाने बंद करायला गेलं की लोक काम होत नाही म्हणून फाइली आपापल्या डेस्कटॉपवर ठेवू लागतात, आणि मग त्यांना ना परवानगी लागते ना बॅकअप.

‘बंद हंगाम’साठी असं करा. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा आणि वरून आलेल्या परवानग्या याच फोल्डरवर उतरवून घेणारा पर्याय निवडा. आता यादी नीट वाचा. बहुतेक डेटा ड्राइव्हवर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ नावाची नोंद ‘मॉडिफाय’ घेऊन बसलेली असते. परवानग्यांची बेरीज होते. तुम्ही लेखनिकाच्या नावापुढे ‘रीड’ लिहिलंत तरी लॉगिन केलेला प्रत्येक माणूस ऑथेंटिकेटेड युजर्समध्ये मोडतो, त्यामुळे त्याला मॉडिफाय मिळतच राहतं. ‘मी रीड दिलंय, तरी डिलीट कसं होतं?’ असं विचारणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा हीच नोंद सापडते. ती काढा. ‘एव्हरीवन’ आणि ‘क्रिएटर ओनर’ असतील तर तेही काढा. ‘सिस्टीम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ यांना हात लावू नका. कामाच्या माणसांना ‘रीड अँड एक्झिक्यूट’ द्या. खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणारी टिक करून ओके म्हणा, म्हणजे आतल्या जुन्या फाइलींवर कधीकाळी लागलेल्या वेगळ्या परवानग्या पुसल्या जातील.

कामाला लागण्याआधी त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. परवानग्या बदलताना फाइली पुसल्या जात नाहीत, पण चुकीच्या फोल्डरवर ही टिक केली तर आधीची आखणी परत आणता येत नाही.

चालू फोल्डर आत काम करायला उघडा ठेवून तोच ओढला जाण्यापासून कसा वाचवू?

हे जमतं, आणि चिकाच्या बोटांवर याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही.

‘ऑफिस’ या मुख्य फोल्डरवर कामाच्या माणसांना फक्त ‘रीड अँड एक्झिक्यूट’ द्या आणि ‘ॲप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडा. मग ‘चालू हंगाम’वर इनहेरिटन्स वरच्यासारखंच तोडून त्याच माणसांच्या दोन नोंदी करा. पहिलीत ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडून वाचणं, ‘क्रिएट फाइल्स’ आणि ‘क्रिएट फोल्डर्स’ द्या. डिलीटच्या दोन्ही टिका रिकाम्या. दुसरीत ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ निवडून ‘मॉडिफाय’ द्या. आता आत नवी फाइल करता येते, एक्सेल बिनतक्रार सेव्ह होतं, पण ‘चालू हंगाम’ या फोल्डरचं नाव बदलता येत नाही आणि तो पुसताही येत नाही.

पण एक धोका आहे, तो सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा. असा फोल्डर निवडून कोणी डिलीट दाबलंच, तर विंडोज आधी आतल्या फाइली पुसत जातं आणि शेवटी फोल्डरापाशी येऊन ‘परवानगी नाही’ म्हणतं. फोल्डर उरतो, पण रिकामा. म्हणून लावून झाल्यावर खोट्या फाइली भरलेल्या एका नमुना फोल्डरवर ओढून, पुसून, नाव बदलून, सगळं करून बघा. खऱ्यावर प्रयोग नको.

‘डिनाय’ लावला तर सोपं नाही का?

दिसतं सोपं. डिनाय हा अलाउच्या वर चालतो, म्हणून मोह होतो. पण ‘युजर्स’ किंवा ‘एव्हरीवन’वर डिनाय लावला की त्यात तुम्हीही येता, कारण तुम्हीही त्या गटात आहात. शिवाय वरून वारशाने आलेल्या डिनायपेक्षा फाइलवर थेट दिलेला अलाउ वरचढ ठरतो, त्यामुळे वाटतं तेवढं बंदही होत नाही. सहा महिन्यांनी दुसरा कोणी बघायला आला तर त्याला हा गुंता उकलत नाही. जे द्यायचं नाही ते मुळात देऊच नका. मी डिनाय वापरत नाही.

सातबारा, आधार, करार यांच्या स्कॅन फाइली आहेत. त्या भरता याव्यात पण पुसता येऊ नयेत.

इथे डिलीट काढून चालतं, कारण स्कॅन एकदाच लिहिला जातो आणि नंतर कोणी बदलत नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका सर्व्हे नंबरला वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. त्यांची संमतिपत्रं गोळा करायला गणपतीची वाट बघावी लागते. असला कागद दुसऱ्यांदा मिळवणं म्हणजे वर्ष गेलं.

‘कागद’ या फोल्डरवर कामाच्या माणसांना सगळीकडे ‘रीड अँड एक्झिक्यूट’ द्या, आणि ‘धिस फोल्डर अँड सबफोल्डर्स’वर त्याच्या जोडीला फक्त ‘क्रिएट फाइल्स’. आधी डेस्कटॉपवर स्कॅन करायचं, तिथेच नाव द्यायचं, मग इथे टाकायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण इथे आल्यावर नाव बदलता येत नाही. ‘क्रिएट फोल्डर्स’ मी देत नाही, त्याचंही कारण हेच. कोणी नवा फोल्डर करतं, तो ‘न्यू फोल्डर’ नावाने उमटतो आणि त्याचं नाव बदलायला परवानगीच नसते. एका ठिकाणी मी आठ ‘न्यू फोल्डर’ मोजले आहेत. बागायतदारागणिक फोल्डर हंगामाआधी एकानेच करून ठेवावेत.

चुकीचा स्कॅन टाकला गेला तर तो ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने काढावा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटांचं काम आहे.

आमचं विंडोज ‘होम’ आहे. जमेल का?

जमेल. सिक्युरिटीचा टॅब होममध्येही आहे. माणसांचे गट करायची खिडकी नाही, म्हणून एकेका माणसाच्या नावाने नोंद करावी लागते. तीन-चार माणसांच्या ऑफिसात हे जड नाही.

सिक्युरिटीचा टॅबच दिसत नाही.

तो ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (फाइली मांडायची विंडोजची पद्धत, जिच्यात परवानग्या लावता येतात) नाही. पेन ड्राइव्ह आणि विकत आणलेल्या बाहेरच्या डिस्क बहुतेक एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये असतात, आणि त्यांत फाइलींना परवानग्या लागतच नाहीत. अशा डिस्कवर कामाचा फोल्डर ठेवून शेअर करू नका. बॅकअपसाठी ती चालेल.

सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने लॉगिन करतात. बदलायलाच हवं का?

हो. परवानगी माणसाला दिली जाते. सगळे मिळून एकच माणूस असाल तर विंडोजला फरक करायला काही उरत नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं, साधं ‘स्टँडर्ड’ प्रकारचं. ॲडमिनचं खातं एक, वेगळ्या पासवर्डचं, फक्त अशा कामापुरतं. मालकाचंही रोजचं खातं स्टँडर्डच असू द्या. ॲडमिनला अडवल्यावर विंडोज ‘कंटिन्यू’चं बटण पुढे करतं, ते दाबलं की त्या खात्याला त्या फोल्डरात कायमची वाट करून दिली जाते, आणि तुम्ही केलेली आखणी तिथे मोडते.

खाती वेगळी केली, परवानग्या कमी केल्या, तर माणसं दुखावतात.

दुखावतात. कुडाळजवळच्या एका ऑफिसात अठरा वर्षं काम करणाऱ्या काकींनी मला तोंडावर विचारलं, ‘म्हंजे आमच्यार भरवसो नाय तर?’ मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर एक नमुना फोल्डर केला आणि त्यांना माउसने उघडायला सांगितलं, तोवर दुसऱ्याला त्यांचा हात हळूच ढकलायला लावलं. फोल्डर सरकून दुसऱ्यात गेला. मग तोच प्रकार परवानग्या लावलेल्या फोल्डरवर केला. काकी बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘ह्या आधीच करूक होया होता.’

परवानगी कमी करणं म्हणजे संशय घेणं नव्हे, हे आधी बोलून ठेवलं पाहिजे. ज्याच्या हातून फाइल जाते त्याची त्या रात्रीची झोप जाते, हे मी जवळून बघितलं आहे. कामाच्या माणसाला त्या अपराधातून वाचवणं हाही या सगळ्यामागचा माझा हेतू असतो.

लावलेलं बरोबर आहे हे कसं तपासायचं?

सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ आहे. माणूस निवडला की त्याला बेरीज होऊन काय मिळतंय ते दिसतं. पण माझा भरवसा प्रत्यक्ष करून बघण्यावर. लेखनिकाच्या खात्याने, त्याच्याच कॉम्प्युटरवरून एक एक्सेल उघडा, बदला, सेव्ह करा, बंद करा, परत उघडा. मग बंद हंगामातली फाइल सेव्ह करायचा प्रयत्न करा. पहिलं झालं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे.

कोणी डिलीट केलं ते कळेल का?

आधी ऑडिट (कोणी काय केलं याची नोंद ठेवणं) चालू केलं असेल तर कळतं. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ आणि ४६६० या क्रमांकांच्या नोंदी पडतात. आधी चालू नसेल तर मागचं काही कळत नाही. चार माणसांच्या ऑफिसात मी याच्या नादाला लागत नाही. नाव कळून फाइल परत येत नाही.

चालू कामाच्या जुन्या प्रती कशा ठेवायच्या?

विंडोज सर्व्हर असेल तर ‘शॅडो कॉपीज’ चालू करा. ठरल्या वेळी तो ड्राइव्हची स्थिती टिपून ठेवतो आणि एका ड्राइव्हच्या ६४ प्रती राहतात. मुळातलं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रविवारीही पेट्या भरल्या जातात, तेव्हा शनिवार-रविवार त्यात घाला आणि संध्याकाळची एक वेळही. लेखनिकाला स्वतःच प्रीव्हियस व्हर्जन्समधून कालची फाइल परत आणता येते, कोणाला फोन करावा लागत नाही.

साध्या विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ आहे. बाहेरची डिस्क जोडली की ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते. तुमचा फोल्डर तिच्या यादीत आहे ना, तेवढं बघून घ्या. वेगळ्या ड्राइव्हवरचा फोल्डर आपोआप यादीत येत नाही.

शॅडो कॉपी त्याच कॉम्प्युटरवर असते. कॉम्प्युटर गेला की तीही गेली.

आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे, फोनवरून चालतं. तिथे काय?

साध्या खात्याच्या ड्राइव्हवर ‘एडिटर’ केलेला माणूस फोल्डरातून फाइल काढू शकतो. कायमची पुसणं फक्त फाइलच्या मालकाच्या हातात असतं, आणि पुसलेलं ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं. ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांना ‘व्ह्यूअर’ ठेवा. बागायतदारांना पट्टी दाखवायची लिंक तर नेहमी व्ह्यूअरचीच.

माझा जास्त आग्रह मालकी कोणाची आहे हे बघण्याचा. पुष्कळ ठिकाणी फोल्डर कोणा भाच्याने आपल्या खात्यातून केलेला असतो. तो नोकरीला पुण्याला जातो, दोन वर्षांनी जुनं खातं बंद करतो, आणि त्याच्या मालकीच्या फाइली त्याच्याबरोबर जातात. ऑफिसच्या नावाचं एक खातं करा आणि मालकी त्याच्याकडे घ्या.

पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसच्या ज्या योजनांत ‘शेअर्ड ड्राइव्ह’ मिळतो, तिथे ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही भूमिका अगदी आपल्याला हवी तशी आहे. फाइल भरता येते, बदलता येते, हलवता किंवा पुसता येत नाही. ‘कंटेंट मॅनेजर’ला पुसता येतं, तेव्हा ती भूमिका एकालाच द्या.

नॅस घेतलं तर?

सिनॉलॉजी, क्यूनॅपसारख्या नॅसवर शेअर केलेल्या फोल्डरला स्वतःची रिसायकल बिन चालू करता येते. नेटवर्कवरून पुसलेलंही तिच्यात जातं. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा मी नॅस सुचवतो. बिन रिकामी करायचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. लिनक्सवर सांबाने (विंडोजच्या कॉम्प्युटरांना फोल्डर शेअर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) शेअर करत असाल तर त्यातही ‘रिसायकल’ नावाचं मोड्यूल आहे. लिनक्समध्ये फाइल पुसता येणं हे फाइलवर नाही, तर फोल्डरवर लिहायची परवानगी आहे की नाही यावर ठरतं. म्हणून सगळ्यांच्या फोल्डरला ‘स्टिकी बिट’ लावतात. मग ज्याची फाइल त्यालाच, किंवा फोल्डरच्या मालकाला आणि ॲडमिनला, ती पुसता येते.

परवानग्या नीट लावल्या. बॅकअप तरी हवाच का?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरांच्या परवानग्या कशाही असल्या तरी काही फरक पडला नसता. त्याआधीच्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तोही ज्याच्या खात्यावर आला त्याच्या परवानग्यांनी चालतो. ज्यात त्याला लिहिता येतं ते सगळं तो बंद करतो. ‘बंद हंगाम’ तेवढा वाचण्याची शक्यता राहते.

दोन बाहेरच्या डिस्क ठेवा. एक ऑफिसात, प्रत घेऊन झाली की काढून माळ्यावर. दुसरी दर शनिवारी कोणाच्या तरी घरी, आणि ते घर खाडीकाठचं नको.

हे सगळं कधी करायचं?

हंगामात नको. पॅकहाउसवाल्यांनी कॅनिंगचा शेवटचा आंबा गेला की जूनमध्ये. मच्छीमार सोसायट्यांनी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत. राहण्या-जेवण्याच्या घरांनी जुलैत. दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी खाती आणि मांडणी, दुसऱ्या दिवशी परवानग्या आणि तपासणी. आधी यूपीएस चालतो का ते बघा, कारण मोठ्या फोल्डरावर परवानग्या उतरायला वेळ लागतो आणि मधेच वीज गेली तर अर्ध्या फाइलींना नव्या परवानग्या, अर्ध्यांना जुन्या असं होऊन बसतं. तसं झालंच तर ‘रिप्लेस ऑल’ची टिक पुन्हा करून ओके म्हणा आणि संपेपर्यंत थांबा.